दामूशेठच्या बायकोची गाणी

क्रम थोडा चुकत असेल, माझ्या आठवणीवर माझाच भरवसा उरलेला नाही. विचुंब्याच्या दामूशेठची बायको लग्नातली धवळ्याची गाणी गायची. ती गेल्यावर मुलीच्या हळदीला तिच्याच आवाजात रेकॉर्ड केलेली गाणी लावायची ठरली. गावाला मोबाइलवरही ऐकता यावीत म्हणून मी ती भाड्याच्या सर्व्हरवर चढवली, त्यात एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत आभासी संगणक, उभं केलं आणि घरी करतो तसाच त्याला वेगळा नेटवर्क पत्ता दिला. सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीला स्वतः न दिलेला पत्ता दिसताच तिने सगळा सर्व्हरच बंद केला.

"सर, आमच्या सोसायटीत वाचमन पावन्याला अडवतो," दामूशेठ म्हणाला, "ही कंपनी तर घरवाल्यांनाच बाहेर काढते!"

माझ्या विनवण्या पोचेपर्यंत त्यांनी डिस्कही पुसली होती, आणि माझ्याकडे गाणी दुसरीकडे कुठे ठेवलेली नव्हती. हे सांगून मी त्याची माफी मागितली.

"कशाला जीवाला लावून घेता, सर? घरी दुसरी कॉपी हाय ना."

हळदीला मात्र डीजे वाजला. मी विचारलं, "गाणी?"

"पोरांना डीजेच पायजे."

परवा, इतक्या वर्षांनी, त्याच्या मुलीला विचारलं. दुसरी कॉपी कधी नव्हतीच.