तोंडात गेलं की टबात

नाही, पण तुम्हीच सांगा ना, दहा महिन्यांच्या बाळाच्या हातात खेळणं दिलं तर ते बाळ खेळणं तोंडात घालणार नाही तर काय खिशात घालणार? आणि खिसा तरी असतो का हो त्या झबल्याला? नसतो! हात दोन, तोंड एक, आणि जगात जे जे दिसेल ते हातातून थेट तोंडात, मध्ये थांबाच नाही. हे मी सांगायचं तरी कुणाला, तर सकाळी सकाळी बाळं माझ्या सतरंजीवर ठेवून, "मावशी, येते हं," म्हणत जिना उतरणाऱ्या त्यांच्या आयांना... त्या तर खालच्या मजल्यावर पोचलेल्या असतात!

तर तुम्हाला सांगते, मी पाळणाघर चालवते. चालवते म्हणजे काय, आमच्या घरची पुढची खोली, एक मोठी सतरंजी, दाराला कमरेएवढी लाकडी आडणी, आणि त्या आडणीच्या आत पाच बाळं आणि मी. आडणी बाळांसाठी लावलीय, पण बाळं काय, फट दिसली की निसटतात. अडकलेली मी! बाळांना नावं आहेत, चांगली भारदस्त नावं आहेत, पण त्या नावांनी हाक मारली तर एकही मान वळवत नाही. म्हणून आमच्याकडे एक टकलू, एक मुकादम, जो जागचा हलत नाही पण बसल्या बसल्या सगळ्यांवर ओरडतो, दोन जुळे, आणि एक बाईसाहेब. बाईसाहेबांना कुणी बोट लावलेलं खपत नाही, पण स्वतः मात्र सगळ्यांचं चाखून बघतात.

आणि एक हत्ती. रबराचा. खेळणी ढीगभर आहेत हो, पण हवा असतो तो हत्तीच, आणि हत्तीचाही डावा कान. उजवा चालत नाही! का ते विचारू नका, मी पण विचारलं नाही. सकाळपासून तो कान टकलूच्या तोंडातून मुकादमाच्या, मुकादमाच्या तोंडातून जुळ्यांच्या, आणि शेवटी बाईसाहेबांकडे. बाईसाहेब डोळे मिटून असा चघळतात की बघणाऱ्याला वाटावं, आपणही एकदा बघावा काय तो कान!

आता बाईसाहेबांची आई. ती लॅबमध्ये कामाला आहे. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून जंतू बघते. तुम्ही आम्ही जंतू म्हणतो ते नुसतं म्हणायला, हिने प्रत्यक्ष बघितलेत ना! एकदा संध्याकाळी बाईसाहेबांना न्यायला आली आणि नेमका तेव्हाच कान टकलूच्या तोंडातून निघून बाईसाहेबांच्या तोंडात चाललेला. मधे लाळेची अशी लांब तार... ही दारातच उभी. पर्स खांद्यावरून घसरली तरी भान नाही.

"मावशी!"

"अगं काही नाही, खेळतायत..."

"मावशी, हिला ह्या महिन्यात तिसऱ्यांदा सर्दी झालीय. तिसऱ्यांदा! मी तीनदा घरी राहिले. आता साहेबांनी स्पष्ट सांगितलंय, पुन्हा बाळ आजारी म्हणून फोन आला तर नंतर येऊच नका. हिचा बाबा बोटीवर, सहा महिने दिसत नाही, घरात दुसरं कोण आहे माझं? नोकरी गेली तर मी काय करू, सांगा ना!"

आणि बोलता बोलता तिचे डोळे भरले. आता भरल्या डोळ्यांना कुणी उलट बोलतं का? मी म्हटलं, "बाळा, तू काळजी करू नकोस. आजपासून तोंडात गेलेलं खेळणं परत खाली ठेवायचंच नाही. तोंडात गेलं की टबात!" बोलून गेले हो... आमचे हे आतून पेपरमागून म्हणाले, "विचार करून बोल." पण यांचं ऐकायची सवय असती तर पाळणाघरच काढलं असतं का मी?

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात निळा टब ठेवला. टकलूने खुळखुळा तोंडात घातला, टबात! जुळ्यातल्या एकाने ठोकळा घातला, टबात! दुसऱ्याने बघितलं भावाचा ठोकळा गेला, म्हणून त्याने कापडी पुस्तक घातलं, टबात! मुकादमाने बाहुलीचा पाय घातला, मी बाहुली ओढली, पाय त्याच्याकडेच राहिला, तो वेगळा टबात! दूध प्यायची वेळसुद्धा झाली नव्हती आणि सतरंजी अशी रिकामी, जसा काही दरोडा पडलाय. टब मात्र शिगोशीग. आणि पाच बाळं माझ्याकडे बघतायत. आवाज नाही. पाच बाळं गप्प बसलेली तुम्ही कधी बघितलीयत का? नका बघू.

मग धुणं, आणि नुसतं धुऊन भागतंय का? लॅबवाली म्हणाली, उकळा. उकळलं! मोठं पातेलं चढवलं. खुळखुळ्याचा वितळून झाला दगड, बदकाचा आवाज गेला, आता दाबलं की नुसता सुस्कारा टाकतं, अगदी माझ्यासारखा. कापडी पुस्तकाचा रंग हत्तीला लागला, हत्ती झाला गुलाबी. आमचे हे भूक लागली म्हणून स्वयंपाकघरात आले, झाकण उचललं, आत हत्ती सोंड वर करून तरंगतोय.

"आज हे आहे का?" म्हणाले.

"ते खेळणं आहे!"

"ते दिसतंय मला. जेवायला काय आहे?"

जेवायला काय असणार? सगळ्या पातेल्यांत खेळणीच! पण ते जाऊ दे. संध्याकाळी टकलूचा बाप आला. बस चालवतो तो, आवाज असा की खिडक्या थरथरतात. टकलूच्या हातात काही नाही बघून म्हणतो, "मावशी, खेळणी कुठायत?"

म्हटलं, "उकळतायत."

"उकळतायत? अहो, चघळू द्या की पोराला! अंगात ताकद कशी येणार? आम्ही माती खाल्ली, चपला चघळल्या, काय झालं आम्हाला?"

आता काय झालं ते मी त्याच्या तोंडावर कसं सांगणार हो? बरं, लॅबवाली त्याच्या मागेच उभी. ती म्हणाली, "दादा, तुमच्या चपला तुमच्या घरी चघळा. माझ्या मुलीला नकोत." तो म्हणाला, "ताई, पोरगी काचेच्या कपाटात ठेवा मग." ती माझ्याकडे बघते, तो माझ्याकडे बघतो, "तुम्हीच सांगा मावशी!" मी काय सांगू? अडकित्त्यात सुपारी सापडली म्हणून सुपारीला कुणी मत विचारतं का, की बाई कुठल्या बाजूने कातरू?

म्हटलं, असं करू, प्रत्येकाने आपलं खेळणं घरून आणा. ज्याचं त्याने चघळा. दोघांनाही पटलं. मला वाटलं, सुटले! अहो कसली सुटतेय... मुकादमाला त्याच्या बापाने नवी कोरी मोटार आणली, दिवे लागणारी. मुकादमाने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. का? ती त्याची आहे ना! त्याला हवी जुळ्यांची डबी. प्लॅस्टिकची रिकामी डबी हो, मसाल्याची! जुळ्यांना हवं टकलूचं अस्वल, टकलूला बाईसाहेबांचा कंगवा, आणि बाईसाहेबांना तो कंगवा टकलूच्या तोंडात गेल्यावरच हवा, आधी नको. बाळ आहे ते, दुसऱ्याचं बघून तोंडात घालणार नाही तर काय खिशात घालणार? मी एकाच्या हातातून काढते, टबात टाकते, वळते, तोवर दुसरा टबाला धरून उभा, आणि टबाचाच काठ चघळतोय! आता टब कशात टाकू?

शेवटी त्या दिवशी काय झालं, दुपार होत आली, सगळी खेळणी उकळत पडलेली, सतरंजीवर काही म्हणजे काही नाही, आणि मी दमून भिंतीला टेकून बसले. बसले तिथेच चुकले. टकलू सरपटत आला आणि त्याने माझ्या पायाचा अंगठा धरला. जुळे मांडीवर चढले, एक या मांडीवर, एक त्या. एकाने घड्याळाचा पट्टा घेतला, एकाने चष्म्याची दोरी. मुकादम, जो जन्मात जागचा हलला नव्हता, तो हलला आणि माझं कोपर घेऊन बसला. आणि बाईसाहेबांनी माझा गळा धरून उभं राहून माझी हनुवटी तोंडात घातली. सगळीच्या सगळी! मग टकलूला वाटलं हनुवटी चांगली असणार. म्हणून अंगठा सोडून तो वर... बाईसाहेबांनी जरा उसंत घेतली की हा, ह्याने सोडली की त्या. मला हलता येईना. पाय बधिर, पातेल्यातलं पाणी आटत आलेलं, वास यायला लागलेला.

"अहो! गॅस बंद करा!"

"कुठलं बटण?" हे म्हणाले. चाळीस वर्षं संसार केलाय आम्ही!

आणि तेवढ्यात दाराची बेल. एकदाचा गॅस बंद करून यांनी दार उघडलं. दारात लॅबवाली. भर दुपारी! तिला या वेळी कधी बघितलंच नव्हतं मी. म्हटलं, संपलं. गेली हिची नोकरी, आणि ती का गेली ते इथे माझ्या हनुवटीला लोंबकळतंय.

ती बघत राहिली. टकलू हनुवटीवरून उतरतोय, तिची लेक चढतेय.

"मावशी," ती अगदी हळू म्हणाली, "आता तुम्हाला कुठल्या पातेल्यात घालायचं?"

मला रडू की हसू कळेना. म्हटलं, "बाळा, खरं सांग, साहेबांनी काढलं का तुला?"

ती आडणीपलीकडेच खाली बसली. आत आली नाही. तोंडाला रुमाल लावला आणि अशी शिंकली, अशी शिंकली की मुकादम माझं कोपर सोडून बघायला लागला.

"काढलं नाही हो. घरी पाठवलं. साहेब स्वतःच तापलेत. सगळं ऑफिस आडवं झालंय. हजेरीच्या टेबलाला ते पेन आहे ना, दोरीने बांधलेलं, कुणी पळवू नये म्हणून... साहेब सही करताना त्याचं टोक चावतात. मग बाकीचे चावतात. मग..."

"मग?"

"मी पण चावते मावशी. विचार करताना. कळतच नाही मला."

आता बोला! बाळांचं एक सोडा, पण ही एवढी मोठी माणसं, शिकलेली, जंतूंना नावानिशी ओळखणारी, आणि ह्यांना तर खिसे आहेत हो! पांढऱ्या कोटाला वर एक, खाली दोन! तरी पेन तोंडातच! आणि मी इथे हत्ती शिजवतेय...

बाईसाहेबांनी आईला बघितलं आणि निघाल्या तरातरा रांगत. आईने हात पुढे केले, आणि मग आठवलं तशी मागे घेतले. लेक आडणीला धरून उभी, "मं मं" करतेय, आणि ही रुमालामागून नुसती डोळ्यांनी हसतेय तिच्याकडे. इतका वेळ मला वाटायचं, ही जंतूंना भिते. जंतूंना कुठली भिते... घरी एकटी पडायला भिते ती. मी उठून तिच्या पाठीवर हात ठेवणार होते, पण जुळे होते ना मांडीवर.

नोकरी राहिली तिची. साहेबच आडवा पडल्यावर काढणार कोण? मला वाटलं, चला, आता आपणही सुटलो. टब पालथा घातला, पातेली घासली, हत्ती सतरंजीवर सोडला. आणि सकाळी फोन. कडेवर मुकादम, फोन कानाला लावायलाही हात मोकळा नव्हता, खांद्यात धरला.

"बावशी," नाक चोंदलेलं, "बी बोलतेय. हे बघा, घरी आता सगळीकडे जंतूच जंतू आहेत. म्हणून बाळाला आठवडाभर जरा लवकरच आणून सोडते, आणि न्यायला जरा उशिरा येते. तुमच्याकडे कसं, सुरक्षित आहे. आणि टकलूचे बाबा पण तापलेत हं, ते पण तसंच म्हणतायत. जुळ्यांची आई पण. मुकादमाची पण. चालेल ना?"

चपला पचवलेला माणूस, तोही आडवा! आणि मला नाही म्हणायचं होतं. शप्पथ सांगते, पहिल्यांदाच आयुष्यात मी नाही म्हणणार होते. माझाही घसा सकाळपासून खवखवत होता, म्हटलं सांगून टाकावं, मी पण माणूस आहे, मलाही एक दिवस पडायचंय. नाही म्हणायला तोंड उघडलं... आणि मुकादमाने, ज्याने आजवर कुणाला कधी काही दिलं नाही त्याने, स्वतः चघळून चघळून लगदा केलेलं बिस्किट मोठ्या प्रेमाने माझ्या तोंडात कोंबलं.

"गप्प आहात म्हणजे चालेल," पलीकडून ती म्हणाली आणि फोन ठेवला.

थुंकावं म्हटलं, तर तो पोरगा असा तोंडाकडे बघत बसला होता, आवडलं का म्हणून...

मग काय करता? गिळलं.