माकांच्या सुनेचा लाल झगा

थोरले काका : माक घराण्याची चार पिढ्यांची अब्रू आज मोती नदीत बुडाली!

सोक-हिंग : बुडू द्या, पण पाय उचला आधी. कोळंबी वाळत घातलीय खाली.

थोरले काका : थट्टा नको, सूनबाई. लुन, तू कुठे निघालास? बस. चहाच्या व्यापाऱ्याकडे गेलो होतो. तिथे एक गोरा पुस्तक मिरवत होता, विलायतेत छापलेलं. चिनी माणसं, त्यांचे कपडे, त्यांच्या चालीरीती. हमाल झाला, न्हावी झाला, अंमलदार झाला, आणि पान उलटतो तर आमची सूनबाई! घटकाभर मागून आणलंय. बघ, चित्रकार.

लुन : माझंच आहे की. छापलंय मात्र झकास.

थोरले काका : छपाई चुलीत घाल! झगा बघ. लाल! दुभाष्याने खालची ओळ वाचून दाखवली, 'कँटनची नवरी'. तुझा भाऊ जाऊन इतकी वर्षं झाली, आणि त्याची बायको लग्नाच्या झग्यात! वर हनुवटीवरचा तीळसुद्धा काढलायस, गाढवा.

लुन : मी पांढराच ठेवला होता, काका. सुतकातली बाई म्हणूनच विकलं गोऱ्याला. पांढऱ्या कपड्याला आम्ही रंग लावत नाही, कागद तसाच सोडतो. तिकडे म्हणे बायका एकेक पान हाताने रंगवतात. त्यांना वाटलं असेल, हिचं रंगवायचं राहिलं.

सोक-हिंग : म्हणजे माझं वैधव्य त्यांना अर्धवट टाकलेलं काम वाटलं.

थोरले काका : हस तू. बादशहाकडून तुझ्या नावाची कमान मंजूर व्हायचीय, नवऱ्यामागे निष्ठेने राहिलेल्या सुनेची. दगड घडवून तयार आहे. चौकशीचा अंमलदार उद्या येतोय, आणि उतरणार आहे त्याच व्यापाऱ्याकडे!

सोक-हिंग : मी कमान मागितली नव्हती.

थोरले काका : कमान सुनेची नसते, घराण्याची असते. तू निमित्त.

सोक-हिंग : चित्रालाही मी निमित्तच होते. आठवतं ना, भावजी? तुमच्या भावाला पुरून आलात, हात धुतलेत आणि मला खिडकीशी बसवलंत. "वहिनी, फार रडू नका, गाल सुजतात."

लुन : गोऱ्याचं जहाज सुटायचं होतं हो. बाहेरची विधवा बसवायची म्हणजे...

सोक-हिंग : तिने पैसे मागितले असते.

थोरले काका : जुनं उकरू नका. उद्या कुळाच्या देवळात सगळ्यांसमोर शपथ घ्यायची, हा चेहरा माझा नाही.

सोक-हिंग : आणि नाही घेतली तर?

थोरले काका : कमान गेली तर कुळाने तुला ही खोली कशाला द्यायची? तांदूळ तरी कशाला?

सोक-हिंग : झगा चढवला विलायतेतल्या कुणा बाईने, आणि भात बंद माझा.

थोरले काका : तिचा भात आपल्या हातात नाही.

सोक-हिंग : भावजी, तुम्ही समोर बसून काढलंत. तुम्हीच सांगा ना यांना, कुणाचा चेहरा आहे ते.

लुन : तसे... सगळेच चेहरे आम्ही एका साच्यावरून काढतो, वहिनी.

सोक-हिंग : मग मिटलंच. घेते शपथ. नाही तो माझा.

थोरले काका : शहाणी माझी सून. लुन, पान फाड आणि घाल चुलीत. वाळवीने खाल्लं म्हणून सांगू.

लुन : मधलं एकच पान?

थोरले काका : गोरा आहे तो. चिनी वाळवीची चालरीत म्हणून तेही लिहून घेईल. फाड.

सोक-हिंग : फाडा, भावजी. फक्त टाकायच्या आधी जरा इकडे करा. मघापासून तुम्ही दोघंच बघताय.