नानांनी न खाल्लेला पेढा

अगं, मला पहिल्यांदा खटकलं ते पेढ्यापाशी. आमचा भडगावचा प्लॉट घ्यायला सोनगीरचे नाना आले. सौदा ठरला, पण त्यांनी पेढा तोंडात न घालता बशीत परत ठेवला. प्लॉटच्या पैशांतूनच आम्ही धुळ्यात स्वतःचं घर घेणार होतो.

“भाऊ, तुमनी बहीण कोठे शे?” नानांनी वडिलांना विचारलं.

“चोपड्याला. तिनं केव्हाच हक्कसोड पत्र करून दिलंय.”

“कागद मी दखा. पन जठे बहीण नाराज, तठे मी घर बांधाव नही. तिले फोन लावा, मंग पेढा.”

वडील एकदम पंख्याकडे बघायला लागले. आत्याची सही घेतली, पण कबूल केलेली माहेरची साडी त्यांनी कधी नेलीच नव्हती. तेव्हापासून बोलणं बंद.

“तूच लाव,” ते मला म्हणाले.

एसटीडी बूथमध्ये जाऊन मी आत्याचा नंबर फिरवला. तिनं नाही म्हटलं तर? घंटा वाजतच राहिली. शेवटी फोन उचलला गेला.

“आत्या, मी धुळ्याहून...”

“बोल पोरी. आते परत कोठे सही करानी शे?”