एका शाळेचे दोन नारळ

माझा जलम फडावरचा, ताई. माय-बाप ऊस तोडायला अंकुशनगरकडं गेल्ते, तिथं पाचटाच्या कोपीत मी झाले, उसात झाली म्हनून मायनं नाव ठिवलं गोडाबाई. शाळा म्हनताल तर दिवाळीपस्तोर जायची, मंग कोयत्यासंगं निघायचं, उन्हाळ्यात परत आलो की मास्तर इचारायचे तू कोन गं, कोनाची. असं करता करता नावच कटलं. मी कव्हा रडले न्हाई त्याच्यासाठी, तव्हा रडायचं असतं हेच ठाऊक नव्हतं.

लगीन होऊन अंबडकडच्या ह्या गावात आले. मालक लवकर गेले. मंग गुरुजींनी मला शाळेत खिचडी शिजवायला लावलं, तव्हापासून सारं गाव मला खिचडीवाली मावशी म्हनतं, गोडाबाई कोनाला ध्यानात न्हाई. माझा ल्योक न् सून अजून कोयत्यावर जातेत. त्यायची पोरगी आशू. ती पहिलीला आली तव्हा मी लेकाला म्हनलं, बाबा तुमी जा कुठं जायचं तिथं, पोरगी न्यायची न्हाई. शाळा गावात हाये, मी शाळेत हाये, पोरगी माझ्या डोळ्याम्होरं राहील. तो म्हनला बराबर हे माय. तिसरीपस्तोर पोरगी माझ्याजवळच व्हती, माझ्याच पांघरुनात झोपायची, न् वाचायची कशी म्हनता, तेलाच्या पुड्यावरचं बी वाचायची. मला लई भारी वाटायचं, उगं खोटं कामून बोलू.

तर शाळेचं सांगत व्हते. दोन खोल्या व्हत्या, दगडाच्या, वर पत्रे. पावसाळ्यात पहिली-दुसरीची पोरं तिसरी-चौथीत जाऊन बसायची, कारन एकच खोली कोरडी राह्यची. नाल्याच्या कडंला जागा, पानी दारापस्तोर यायचं. गुरुजी अर्ज करून करून थकले. मंग एका साली गावाच्या आराखड्यात शाळा आली, पंचायत समितीतून कळलं की पैसा मंजूर झाला. पन जुन्या खोल्या पाडल्याबिगर नव्या मिळत न्हाईत म्हने. काय सांगू तुम्हाला, लोकायला एवढा आनंद झाला की सब्बल न् टिकाव घेऊन आपल्या हातानं पाडल्या. दगडं ज्याच्या त्याच्या घरी गेले, कोनाच्या गोठ्याला, कोनाच्या वट्याला. लेकरं आमच्या वस्तीच्या समाजमंदिरात बसू लागले, म्हनले चार महिन्याचा सवाल हे.

नाल्याकडंला तं परत बांधायची न्हाई, मंग आता जागा कोनती, हा घोळ निघाला. सरपंच म्हनला वरच्या आळीला मारुतीच्या देवळामागं गायरान हे, तिथं बांधू. त्याचा चुलतभाऊ, आधीचा सरपंच, म्हनला आराखड्यात शाळा मी घातली, वस्तीच्या अंगाला रस्त्यावर बांधू. एका आज्ज्याचे नातू दोघं, पन एकानं हो म्हनलं की दुसऱ्यानं न्हाई म्हनायचं हे त्यायच्या बापापासून चालू हे. आमच्या गावात रीत अशी की ज्यानं नारळ फोडला त्याचं नाव पाटीवर. म्हनून सरपंचानं जल्दी करून गायरानात खड्डा खंदला, हळद-कुंकू वाह्यलं, नारळ फोडला. चार दिस झाले न्हाई तं चुलतभावानं वस्तीकडं खड्डा खंदला न् तिथं बी नारळ फोडला. गुरुजींनी लेकरं दोन्हीकडं रांगेनं नेऊन बसवले, काय करतील बिचारे, दोघायला बी घाबरायचं. लेकरांनी दोन्हीकडं टाळ्या वाजवल्या न् दोन्हीकडचं खोबरं खाल्लं. मी बी हसले तव्हा. म्हनलं बरंय, पोरांच्या तोंडात काहीतरी गोड गेलं.

मंग इंजिनेर साहेब आल्ते. त्यायनं इचारलं शाळा कुठं बांधायची, तर दोघायनं दोन खड्डे दाखवले. साहेब म्हनले जागेचा एक ठराव द्या, मंग बोलवा, न् गाडीत बसले.

ग्रामसभा लावली. एवढी मानसं मी तिथं कव्हा पाह्यली न्हाई. वरच्या आळीची एकजन म्हनली आमचे लेकरं तिकडं खाली कशाला धाडायचे. आता खाली म्हंजी आमची वस्ती. उघड कोनी काही म्हनलं न्हाई, पन कळतं ना ताई. आमचे पोट्टे बी उठले, म्हनले वर बांधली तर आमी पोरं धाडनार न्हाई. मी उभी राह्यले. म्हनलं बापाहो, वर बांधा, खाली बांधा, माझ्या अंगनात बांधा, पन बांधा. लोक हसले. एकजन म्हनला मावशी, तुमी खिचडीचं बघा. मी बसले खाली. ठराव झालाच न्हाई. मार्च सरला न् पैसा वापस गेला.

त्याच्यानंतर वरच्या आळीच्यांनी आपले लेकरं अंबडच्या विंग्रजी शाळेत घातले, पिवळी गाडी येती न्यायला. आमच्यातले ज्यायला जमलं त्यायनं हॉस्टेलला धाडले. समाजमंदिरात मूठभर लेकरं राह्यले. मी तांदूळ घ्यायची तर हात आपोआप जास्त घ्यायचा, मंग परत डब्यात टाकायची. यंदा गुरुजी म्हनले मावशी, पट कमी झाला, आपली शाळा नाल्यापल्याडच्या गावात जोडली. गुरुजीची बदली झाली. जाताना माझ्या पाया पडले, मला लई अवघड वाटलं.

दिवाळी झाली न् ऊसतोडीची टोळी न्यायला मुकादमाची गाडी आली. ल्योक म्हनला माय, तुझे गुडघे गेले, नाला वलांडून पोरीला रोज कोन नेईल न् कोन आनील, मोठी व्हऊ राह्यली, एकटी कशी सोडू. मी म्हनलं बाबा, थांब जरा, काहीतरी करू. तो म्हनला काय करशील. पोरगी दप्तर घेऊन गाडीत बसली, भांड्याच्या बोचक्यावर. माझ्याकडं पाह्यलंच न्हाई तिनं. रुसली व्हती का रडत व्हती, मला अजून कळंना.

आता घरात मी एकलीच. दोघा भावायपैकी कोनाला शिव्या देऊ, रोज भेटतेत, मावशी बरी हाये का म्हनतेत, मी बरी हाये म्हनते. तुमी एवढं ऐकून घेतलं, तुमच्या लेकराबाळायचं चांगलं व्हवो, त्यायची शाळा जागेवर राहो.

फोन येतो आठ-पंधरा दिसाला. माय-बाप ऊस तोडतेत, न् आशू दिसभर तिच्या धाकट्या भावाला कडंवर घेऊन फडाच्या बांधावर बसती म्हने. परवा तिनं इचारलं, आजी, शाळा बांधाय लागले का गं. मी म्हनलं लागले बाई, भिताडं वर आले. मंग म्हनली, माझी जागा खिडकीपाशी धरून ठिव. धरते म्हनलं.