फेडरमधलं तेल

माहा जनम अकोल्याचा. अब्बा जिनिंगमधी, कापसातून सरकी काढाच्या कारखान्यात, मशीनले तेल देत, हातात कायम लांब नळीची कुप्पी. मंग कापसाचा धंदा बसला, जिनिंग बंद पडली, अन मी नाटकाच्या थेटरात लाइट चालवाले लागलो. अब्बाचं एकच सांगनं, जे अटकते त्याले तेल दे. काय सांगू तुमाले, तेच माह्या डोक्यात बसलं.

थेटरात लाइटचा बोर्ड हाय, बारा फेडरचा. फेडर म्हंजे सरकवाची दांडी, वर केली का उजेड वाढते, खाली केली का कमी होते. आमच्याकडची धूळ, त्यात हवेत रुई, दांड्या अटकाले लागल्या. मी बाराच्या बारा फेडरमधी शिलाई मशीनचं तेल सोडलं. अशा सराले लागल्या म्हनता, मीच माह्यावर खूश. सहा महिन्यानं लाइट फडफडाले लागले. एका नाटकात हिरोइन मरून राहिली अन उजेड भपकन वाढला, पब्लिक हासलं. मॅनेजर तावातावानं आला, कोनाचं काम हाय हे म्हने. माह्या तोंडातून निघून गेलं, वायरिंग ढिली हाय साहेब. वायरिंग पाहे गौतम, माहा दोस्त, एका डब्यात जेवनारे आमी. तो तिथंच उभा होता, खिशात टेस्टर. काईच बोलला नाई. दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं त्याले काढलं.

अन ते दिवस कसे, कापसाले भाव नाई, खेड्यापाड्यात कोनी घर बांधत नाई, विहिरीले पानी नाई त मोटर कोन बसवते? वायरमनले काम कुठचं? गौतम धामनगावले गेला, गोदामावर चौकीदार झाला. त्याची पोरगी नर्सिंग शिकून राहिली होती, ते सुटलं. अन मी मनात म्हनत राहिलो, वायरिंगच होती, वायरिंगच होती.

गेल्या साली सातवा फेडर पुराच बिघडला. दिवा बदलला, तरी फडफड. सातव्याची वायर पाचव्यात लावली त दिवा गपचूप जळे, पाचव्याची सातव्यात लावली त तो फडफडे. म्हंजे वायर चांगली, दिवा चांगला, रोग फेडरात. खोलला. आत काळी पट्टी असते, तिच्यावर पितळी जीभ फिरते, तिथं तेलाचा अन रुईचा नुसता चिखल. स्पिरिटनं पुसलं त पट्टीचा काळा थरच निघून आला. बाराही खोलले, बाराही तसेच. हे तपासाले घंटाभर लागला फक्त. तो घंटाभर त्या दिवशी काहून नाई दिला मी?

नागपूरवरून फेडर आनले, बसवले, अन धामनगावले गेलो. गौतमले सारं सांगलं. तो म्हने, मले मालूम होतं, वायर मी त्याच दिवशी तपासली होती. मी म्हनलं, मंग बोलला काहून नाई? तो म्हने, तू बोलशीन म्हनून थांबलो रे.

मॅनेजर मरून गेला. आता मी कबूल कोनापाशी होऊ? बोर्ड मस्त चालते, पन महिन्यातून एखादं नाटक, तेबी लागलं त लागलं. गौतमची पोरगी लोकायच्या वावरात निंदाले जाते. दर जुम्म्याले तिच्यासाठी दुवा मागतो मी. तिचं शिक्षन त्यानं वापस येत नाई, हे बी मले मालूम हाय.