साहेबांचा जोश आणि पन्नास कनेक्शन

आमच्या अंधेरीच्या ऑफिसात साहेबांच्या हुशारीला कधी तोटा नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. बोरीवलीच्या एका मंडळाचे गरब्याचे पास आमच्या साइटवर सकाळी अकराला खुले होणार होते. पास काढणाऱ्या प्रत्येकाला तेवढ्यापुरतं डेटाबेसचं एक कनेक्शन लागतं; अशी पन्नासच ठेवायची आणि एकाचं काम झालं की तेच पुढच्याला द्यायचं, ही व्यवस्था आमच्या प्रोग्रामर प्राचीची. ती अजून नोकरीत कायम झाली नव्हती.

साहेबांनी फर्मान काढलं, "विक्रीचा आकडा प्रत्येकाने स्क्रीनवर लाइव्ह बघायचा. जोश आला पाहिजे!"

अकराला साइट गोठली. मंडळाचे अध्यक्ष फोनवर ओरडले, "अहो, वाट लागली ना! एक पास निघत नाहीये!"

साहेब प्राचीवर घसरले. "पन्नास पुरतील म्हणालीस ना? आता कायम व्हायचं विसर."

"सर, ते आकड्याचं पान तुम्ही परस्पर बनवून घेतलंत. ते उघडं असेपर्यंत एक कनेक्शन अडवून बसतं. आपण किती जण बघतोय?"

मला सगळं वहीत टिपायची खोड. मी वाचून दाखवलं, "स्टाफ अठ्ठेचाळीस. शिवाय साहेब कॉम्प्युटरवर आणि मोबाइलवरही. एकूण पन्नास."

म्हणजे गिऱ्हाइकांच्या सगळ्या जागा अडवून आम्हीच गिऱ्हाइकांची वाट बघत होतो.

सगळ्यांनी पान बंद केलं आणि अध्यक्षांचा आवाज लगेच मऊ झाला. साहेब मात्र कासावीस. "अगं, पण आता किती पास गेले ते मला कळणार कसं?"

"संध्याकाळी कळेल, सर. तोवर मला कायम केल्याचं पत्र टाइप करा ना, तेवढाच वेळ जाईल."