मामांचा दुखरा खांदा

आमच्या पेठच्या मामांचा उजवा खांदा लई दुखायचा, राव. कोकरूसुद्धा उचलवेना. तेल चोळलं, शेक घेतला, पण गुण येईना. शेवटी मी त्यांना मंचरला डॉक्टरांकडं नेलं.

"दुखणं कधी उठतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मटण खाल्लं की हमखास."

डॉक्टर खांदा सोडून उजव्या बरगडीखाली पोट दाबायला लागले.

"डॉक्टर, खांदा वरती हाय," मामा म्हणाले, आणि तेवढ्यात कळवळले.

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. दुखणं तिथलं, कळ मात्र खांद्यात निघायची. मामा घाबरत घाबरत ऑपरेशनला तयार झाले आणि खांदा मोकळा झाला.

घरी आल्यावर पावणं भेटायला आलं. "कुठं कापलं, दाखवा की."

मामांनी सदरा वर करून पोटावरचे टाके दाखवले. "माझा खांदा हितं व्हता."